शांघायमध्ये 'आई' अशी हाक मारली की चारजणी वळून बघतात

चिनी भाषेत मावशीला, किंवा कुठल्याही अनोळखी प्रौढ बाईला 'आयी' म्हणतात. उच्चार जवळजवळ आपल्या 'आई'सारखाच. मला हे पहिल्याच संध्याकाळी कळलं, नानजिंग रस्त्यावर. माझी आई, वय ६८, एका मिठाईच्या दुकानाच्या काचेपाशी रेंगाळली होती आणि मी गर्दीतून जोरात "आई!" केलं. चार बायका वळल्या. वळली नाही ती फक्त आमची.

शांघायला जायचं आईच्या डोक्यातलं. तिची मैत्रीण कुठल्याशा टूरबरोबर जाऊन आली होती आणि पाच दिवसांत चार वेळा रेशमाच्या कारखान्यात नेलं म्हणून वैतागली होती. "आपण आपले जाऊ," आई म्हणाली. आपले म्हणजे अर्थातच मी सगळं करायचं.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम बदलत असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, लांबलचक असतो, मग मुंबईला जाऊन कागद द्यायचे. आमचं घोडं अडलं फोटोवर. कान दिसले पाहिजेत आणि आईचे केस कानावर. पुण्याहून पहाटे निघालेली आई तिथल्या फोटोवाल्यासमोर केस मागे ओढून बसली. तो फोटो बघून "ही कोण?" असं तीच विचारते अजून.

खरी तयारी फोनची. शांघायमध्ये फिरणं अवघड नाही, मुंबईपेक्षा सोपंच म्हणेन, पण फोन तयार नसेल तर पाण्याची बाटली घेतानाही तोंड वेडंवाकडं होतं. तिथे भाजीवालीपासून देवळाच्या तिकिटापर्यंत सगळं क्यूआर कोडवर चालतं, अलीपे किंवा वीचॅटवर. आपल्या यूपीआयसारखंच, फक्त आपलं यूपीआय चालत नाही आणि रुपे कार्डावर तिथे विसंबू नये. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्याचे परदेशी व्यवहार चालू केलेले हवेत. हे शेवटचं लोक विसरतात. मीही विसरले होते.

गंमत अशी, की ही दोन्ही ॲप भारतात २०२० पासून बंदीच्या यादीत आहेत, त्यामुळे घरी बसून सगळं लावून ठेवू म्हटलं तर जमत नाही. आमचा सिंगापूरला पाच तासांचा थांबा होता. तिथे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अलीपे उतरवून घेतलं, पासपोर्टचा फोटो दिला, कार्ड जोडलं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून रोमिंग आधीच चालू हवं. रोमिंगचा दुसरा फायदा मोठा आहे. चीनमध्ये गूगल, व्हॉट्सॲप, जीमेल, यूट्यूब काहीच उघडत नाही, पण आपल्या सिमचं रोमिंग आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातं, त्यामुळे सगळं चालतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की पुन्हा अंधार. आईने पहिल्या रात्री वायफाय लावलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर गुड नाइट जाईना म्हणून अर्धा तास फोन हलवत बसली.

गूगल मॅपवर मात्र रोमिंग असूनही विसंबू नका. निळा ठिपका रस्त्यावर न पडता शेजारच्या इमारतीत पडतो. आईकडे भावाने दिलेला जुना आयफोन होता, त्यातला नकाशा बिनचूक चालला. पाचही दिवस रस्ता दाखवायचं काम तिच्याकडे गेलं आणि ती त्या अधिकाराने वागलीही.

अलीपेचा एक बारकावा सांगते. २०० युआनपर्यंतच्या खर्चावर परदेशी कार्डाला वरचा आकार नाही, त्यावर गेलात तर तीन टक्के. म्हणून दोघींची महाग तिकिटं मी वेगवेगळी काढली. थोडी रोकडही जवळ ठेवावी, पाच-दहा-वीसच्या नोटा. १०० ची नोट पुढे केली की छोटा दुकानदार सुट्ट्यांसाठी शेजाऱ्याकडे पळतो.

घड्याळ अडीच तास पुढे करून शनिवारी दुपारी पुडोंग विमानतळावर उतरलो. ठसे, शिक्का, बॅगा, आणि थेट मेट्रोची २ नंबरची लाइन. ती विमानतळावरून निघून शहराच्या पोटातून पार पलीकडे जाते, आणि नवख्या माणसाला हवी असलेली निम्मी ठिकाणं तिच्यावरच आहेत. दर स्टेशनात शिरताना बॅग यंत्रातून जाते. आईच्या पिशवीत खाकरे, मेतकूट आणि लसणाची चटणी. (साजूक तुपाची बाटली मी घरीच ठेवायला लावली होती, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं त्या देशात नेता येत नाहीत.) यंत्रावरच्या पोराने चटणीचा डबा उघडायला सांगितला, वास घेतला आणि सणसणीत शिंकला. आई म्हणाली, "घे की थोडी." त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि जाऊ दिलं. पुढचे पाच दिवस डबा हॉटेलवर राहिला.

मेट्रोचं तिकीट तीन युआनपासून. माझं मी अलीपेतल्या कोडवर जायचे, पण एका फोनवर दोघींना आत जाता येत नाही, म्हणून आईचं यंत्रातून काढायचे. यंत्रावर इंग्रजीचं बटण असतं. ते कार्ड बाहेर पडताना गेट गिळून टाकतं. आईला हे कळायला दोन दिवस लागले, तोवर ती परत द्या म्हणून गेटशी भांडत होती. रात्री साडेदहानंतर मेट्रोच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच लाइनी लवकर मिटतात. तेव्हा टॅक्सी, तीही अलीपेच्या आतूनच 'दीदी' हे टॅक्सीचं ॲप उघडून बोलवायची. ड्रायव्हर फोन करतो, आपल्याला काही कळत नाही. उचलू नका, लेखी संदेश पाठवा, भाषांतर आपोआप होतं.

हॉटेल पीपल्स स्क्वेअरजवळ घेतलं होतं आणि हा निर्णय मी आजही छाती पुढे काढून सांगते. तीन लाइनी तिथे भेटतात, आणि नानजिंग रस्त्याने चालत गेलं की पाऊण तासात बंड. बंड म्हणजे हुआंगपू नदीचा काठ, चिनी भाषेत वायतान. आपला मरीन ड्राइव्ह समजा, पण एका हाताला शंभर वर्षांपूर्वीच्या दगडी पेढ्या आणि नदीपलीकडे गगनचुंबी इमारती. नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो हे आम्हाला माहीत नव्हतं. सूर्यास्त बघू म्हणून निघालो आणि पोचलो तर रात्र. दिवे लागलेले, आणि अख्खं शहर तिथे. पोलीस शिट्ट्या मारून एका बाजूने चालायला लावत होते. २०१४ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री इथे चेंगराचेंगरीत ३६ माणसं गेली, तेव्हापासून गर्दीच्या बाबतीत ते लोक हयगय करत नाहीत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि १ मेच्या आसपासची सुट्टी तर टाळाच, त्या दिवसांत सगळा देश फिरायला निघतो.

मला विचाराल तर बंड बघायचा तो पहाटे. आम्ही दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा गेलो. रात्री जिथे उभं राहायला जागा नव्हती तिथे म्हातारी माणसं सावकाश हातवारे करत होती, कुणी पतंग उडवत होतं, एक आजोबा फरशीवर पाण्याने मोठ्ठी अक्षरं काढत होते. अक्षर पुरं होईतो आधीचं वाळून जायचं. आई त्यांच्यामागे वीस मिनिटं उभी राहिली. शाळेत ३० वर्षं फळा लिहिलाय तिने. "वळण बघ," एवढंच म्हणाली.

तिथेच आमचा पुण्याशी संबंध निघाला. हिरव्या त्रिकोणी टोपीची ती इमारत, जिच्यात पीस हॉटेल आहे, ती मुळात ससून हाउस. १९२९ ची. बांधली व्हिक्टर ससूनने, म्हणजे डेव्हिड ससूनच्या पणतूने, ज्याच्या देणगीतून आपलं पुण्याचं ससून रुग्णालय आणि लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं राहिलं त्या डेव्हिडच्या. बगदादहून मुंबईत आलेल्या या घराण्याने माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला पाठवून अमाप पैसा केला. डेव्हिडचा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला आला, शांघाय परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झाल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आई जन्मली ससूनमध्ये, मीही. मी तिला हे सगळं त्या इमारतीखाली सांगितलं. ती जरा वेळ वर बघत राहिली. "म्हणजे इथल्या लोकांना अफू पाजून आपल्याकडे दवाखाना बांधला?" मी म्हटलं, साधारण तसंच. मग ती म्हणाली, "खाट चांगली होती हो." तिथून पुढे काही बोललो नाही.

नदी ओलांडायला काठाखालून एक भुयारी गाडी आहे, रंगीत दिवे लावलेली, तिकीट भरमसाट. तिच्या नादी लागू नका. बंडच्या दक्षिणेकडच्या धक्क्यावरून साधी फेरीबोट सुटते. सायकलवाले, स्कूटरवाले, कामाला जाणारी माणसं आणि आपण. भाडं २ युआन. भाऊच्या धक्क्यावरून उरणला जाण्याइतकंच साधं प्रकरण, पण दोन्ही काठ एकदम दिसतात. आम्ही तीनदा गेलो-आलो. आईच्या हिशेबाने २४ युआनमध्ये दोघींचं शांघाय बघून झालं.

पलीकडच्या उंच इमारतींचं मात्र मला फार कौतुक नाही. शांघाय टॉवर ६३२ मीटर, वर ११८ व्या मजल्यावरून बघता येतं. शेजारची ती बाटली उघडण्याच्या चावीसारखी दिसते ती ४९२ मीटर. जायचंच असेल तर तिकीट आधी काढून ठेवू नका. आम्ही गेलो त्या दिवशी तिन्ही उंच इमारती कमरेपासून वर ढगात नाहीशा झाल्या होत्या आणि आगाऊ तिकीटवाली मंडळी निमूट रांगेत उभी होती.

रविवारी दुपारी पीपल्स पार्क. हे कुठल्याही यादीत वरच्या क्रमांकावर नसतं, पण आईला विचाराल तर शांघाय म्हणजे हेच. शनिवार-रविवारी इथे लग्नाचा बाजार भरतो. पायवाटेच्या दोन्ही कडेला उघड्या छत्र्या ठेवलेल्या आणि प्रत्येक छत्रीवर चिकटवलेला एक कागद: मुलगी, जन्मसाल अमुक, उंची इतकी, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की नाही, शांघायची नोंद असलेली आहे की बाहेरची. मागे छोट्या स्टुलांवर आई-वडील. मुलं-मुली स्वतः जवळजवळ नाहीतच, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आपला कागद इथे लागलाय हे माहीतही नसतं म्हणे. आई खुललीच. वधू-वर मेळाव्याला जाऊन आलेली बाई ती, तिला भाषेची गरजच पडली नाही. फोनच्या कॅमेऱ्याने कागद भाषांतर करून वाचायला शिकली आणि छत्रीमागून छत्री निघाली. "याने पगार लिहिलाय पण घर लिहिलं नाही." "ही सीए दिसते, उंचीत अडलं असणार." मंगळ नाही, पण जन्मसालाला प्राण्याचं नाव, वाघाचं साल, मेंढीचं साल, हे आहेच. मेंढीच्या सालातल्या मुलीला नशीब नसतं असं जुनी माणसं मानतात, हे मी तिला सांगितलं. "म्हणजे मूळ नक्षत्रासारखंच," ती म्हणाली.

एका छत्रीमागच्या बाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, तुम्हाला मुलगा आहे का? आईने मराठीत सांगितलं, आहे, पण त्याचं झालं. मी टाइप केलं. बाईंनी खेदाने मान हलवली आणि तिला बसायला स्टूल दिलं. पाऊण तास दोघी शेजारी बसून येणारे-जाणारे निरखत होत्या. इथे जाल तेव्हा माणसांचे, कागदांचे फोटो काढू नका, चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे.

बागेतून बाहेर पडलो तर दोन गोड मुली आल्या. आमचा फोटो काढाल का, कुठून आलात, तुमचं इंग्रजी किती छान, आम्ही चहाच्या समारंभाला चाललोय, येता का. ही जुनी युक्ती आहे. चहा चिमूटभर आणि बिल हजारांत. मी आधी वाचलेलं होतं म्हणून वाचलो. शहर एरवी इतकं सुरक्षित आहे, रात्री अकराला दोघी बिनधास्त चालत आलो, की इथेच माणूस गाफील राहतो.

सोमवारी माझी फजिती झाली. पीपल्स स्क्वेअरमधलं शांघाय म्युझियम, जुन्या काशाच्या भांड्याच्या आकाराची इमारत, प्रवेश फुकट. दारात गेलो तर कुलूप. सोमवारी बंद. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघितली, ते जास्त लागलं. मग आम्ही जेड बुद्धाच्या देवळात गेलो. १८८२ मध्ये एका भिक्षूने ब्रह्मदेशातून आणलेल्या शुभ्र जेड दगडाच्या बुद्धमूर्तींसाठी हे देऊळ उभं राहिलं. बसलेली मूर्ती वरच्या मजल्यावर आहे, शांत, आणि तिथे फोटो काढू देत नाहीत. देवळाचा मुख्य सभामंडप २०१७ मध्ये मूर्तींसकट रुळांवरून तीसेक मीटर सरकवला, गर्दीला जागा व्हावी म्हणून. आईचा विश्वास बसेना. तिने खांबाला हात लावून पाहिला.

आता शाकाहाराचं. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ करा, पण चिनी लिपीत लिहून फोनमध्येही ठेवा, कारण आपल्या उच्चारातून समोरच्याला काय कळेल ते सांगता येत नाही. नुसतं 'मांस नको' म्हटलं की भाजीतला खिमा, वाळलेले झिंगे, डुकराची चरबी हे सगळं 'मांसात नाही' म्हणून येऊ शकतं. 'सू' हा शब्द बौद्धांच्या व्रताचा, तो उच्चारला की कांदा-लसूणही जातो. श्रावण पाळणाऱ्या आईला यात काही नवल वाटलं नाही. देवळाच्या खानावळीत मश्रूमच्या गरम नूडल्स मिळतात, स्वस्त आणि पोटभर. १९२२ पासून चालू असलेलं गोंगदेलिन हे शाकाहारी हॉटेलही नानजिंग रस्त्याच्या पश्चिम भागात आहे. तिथे सोयाचं बदक मिळतं, कातडीच्या सुरकुत्यांसकट. चव सुरेख. पण आईने तुकडा तोंडाशी नेऊन परत ठेवला. "खोटं असलं तरी तोंड बदकाचंच आहे." तिने मग पालेभाजी आणि भात खाल्ला. सकाळी गाड्यावर तळलेलं लांब युत्याव आणि गरम सोयाचं दूध, हा नाश्ता मात्र दोघींना रोज पुरला. जेवताना गरम पाणी न मागता येतं. ४० वर्षं घरात सगळ्यांना कोमट पाणी प्या म्हणून सांगणाऱ्या बाईला शेवटी समविचारी देश सापडला.

मंगळवारी यू युआन ही जुनी बाग. पाटी बघून माणसं बाजारातच फिरतात, वाकड्या छपरांची दुकानं, माळा, कंदील, आणि बाग बघितली म्हणून परत जातात. तो बाजार. खरी बाग नऊ वळणांच्या पुलापलीकडे, तिकीट काढून आत. भुताला वळता येत नाही म्हणून पूल असा नागमोडी, असं सांगतात. मिंग काळात पान नावाच्या अधिकाऱ्याने १५५९ मध्ये आपल्या आईवडिलांना म्हातारपणी निवांत बसता यावं म्हणून बाग सुरू केली, पुरी व्हायला १५७७ उजाडलं. आईने मनातल्या मनात वजाबाकी केली. "तोवर होते का ते?" भिंतीवरून ड्रॅगन सरपटत जातो, त्याच्या नख्या मोजा. पाच नख्या फक्त बादशहाच्या ड्रॅगनला, म्हणून इथे एखादी कमी ठेवली असं म्हणतात. दार उघडताच आत शिरा. दहानंतर टूरच्या झेंड्यांमागून माणसांचे लोंढे येतात.

बुधवारी काहीच ठरवलं नाही, आणि तोच दिवस उत्तम गेला. जुन्या फ्रेंच वसाहतीत वुकांग रस्ता. दोन्ही बाजूंनी चिनारच्या जातीची प्लेनची झाडं, पानं पिवळी पडलेली, आणि काही रस्त्यांवर पालिका शरद ऋतूत पानं मुद्दाम झाडत नाही. आपल्याकडे झाडत नाहीत ते वेगळं, आई म्हणाली. टोकाला १९२४ ची वुकांग मॅन्शन, जहाजाच्या नाळेसारखी चौकात घुसलेली. समोर फोटोवाल्यांची एवढी झुंबड की पोलीस सिग्नलगणिक त्यांना हाकतात. आम्ही तिथे दोन मिनिटं थांबलो आणि आतल्या गल्ल्यांत वळलो. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, दारात भाजी निवडणाऱ्या आयी. एकीने आईला बाकावर सरकून जागा दिली. दोघींनी मिळून तिची पालेभाजी निवडली.

परतताना विमानतळाला मॅग्लेव्हने, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या गाडीने गेलो. ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं की ४०. ती लोंगयांग रोडवरून सुटते, तिथवर मेट्रोने जावं लागतं, त्यामुळे सामान फार असेल तर २ नंबरचीच बरी. डब्यातला वेगाचा आकडा ताशी ३०० किलोमीटरवर गेला, आईने समोरचा दांडा धरला, आणि आठेक मिनिटांत उतरायचं आलं. "बसले कशाला मग?" असं तिचं म्हणणं पडलं. विमानतळावर दाराजवळच गरम पाण्याचा नळ असतो. तिने थर्मास भरून घेतला, उरलेलं मेतकूट काढलं आणि म्हणाली, भात असता तर.